पिलूमावशीची पेटी

पिलूमावशीचं खरं नाव गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिचं स्वतःचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. जिच्या खोलीतून बारा महिने चिवचिवाट ऐकू येतो, तिला लोक दुसरं काय म्हणणार? आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं टोपलीत अंडी घालून आणायची. मावशी एकेक अंडं उजेडासमोर धरून बघायची, त्यावर पेन्सिलीनं खूण करायची आणि आपल्या पेटीत ठेवायची. तीन आठवड्यांनी त्याच टोपलीतून पिलं परत जायची. कुणाच्या अंड्यातून कुणाचं पिलू निघालं, यावरून तिच्या दारात कधी भांडण झालं नाही.

ही पेटी तिच्या नवऱ्यानं केलेली. नवरा सुतार होता. फळ्या जाड, सांधे असे घट्ट की नखही शिरू नये. समोर वीतभर काच, काचेआड पारा. आत तापणारी तार, एक लहानसा पंखा, पाण्याचं उथळ भांडं आणि उजेडाला एक दिवा. दोन्ही बाजूंना बोटाएवढी भोकं, हवा खेळती राहावी म्हणून. नवरा गेला, पण पेटी काही बिघडली नाही. मावशी कधी कधी रिकाम्या पेटीवरून उगाच हात फिरवायची. घरात तेवढं एकच माणूस उरल्यासारखं.

हे काम ती आईजवळ शिकली होती. आईकडे पेटी नव्हती, खुडूक कोंबड्या होत्या. कोंबडी एकदा अंड्यांवर बसली की जग बुडालं तरी हलायची नाही. फक्त दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, अंग झाडायची आणि परत येऊन बसायची. लहानगी मावशी तेवढ्या वेळात कासावीस व्हायची. "आई, अंडी गार पडतील!" आई चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "उठू दे तिला. उठली म्हणून अंडी मरत नाहीत. परत आली नाही तर मरतात."

मावशीचा एकच नियम कडक होता. शेवटचे तीन दिवस पेटीचं झाकण उघडायचं नाही. त्या दिवसांत पिलू आतून कवचाला टोच मारत असतं. बाहेरची कोरडी हवा आत शिरली की आतला पापुद्रा त्याच्या अंगाला चिकटतो आणि पिलू उंबऱ्यावर येऊन मरतं. त्या तीन दिवसांत प्रत्यक्ष देव जरी म्हणाला, "जरा बघू दे," तरी मावशी म्हणाली असती, "परवा या."

घर दुमजली होतं. वर मालक, खाली दोन भाडेकरू. एका खोलीत मावशी, शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करणारा. त्याला सगळे कडक म्हणायचे. कपडे तर तो कडक करायचाच, पण स्वभावही तसाच, घडी मोडेल म्हणून वाकायचा नाही. दोन्ही खोल्यांना मिळून एकच मीटर होता, जिन्याखालच्या लोखंडी पेटाऱ्यात. बिल आलं की दोघं अर्धं अर्धं वाटून घ्यायची.

एके काळी दोघांचं चांगलं मेतकूट होतं. कडक तिची पाण्याची घागर उचलून द्यायचा, ती त्याच्याकडे आलेल्या शर्टांची तुटलेली बटणं लावून द्यायची. मग बिल वाढायला लागलं. फुगतच गेलं. मावशी म्हणाली, "अरे, तुझी इस्त्री जरा बेतानं चालव." कडक म्हणाला, "माझी इस्त्री संध्याकाळी थंड होते, मावशी. तुझी पेटी रात्रंदिवस तोंड उघडून बसलेली असते." शब्दाला शब्द लागला, मावशी गल्लीदेखत त्याला भट्टीवाला म्हणाली आणि बोलणं बंद झालं. दोन दारांमध्ये एका भिंतीचं अंतर, पण नजर चुकवून जायचं म्हटलं की तेवढं अंतरही पुरत नाही. घागर मावशी स्वतः उचलू लागली. बिनबटणाचे शर्ट तसेच परत जाऊ लागले.

मालक दोघांच्याही दुःखात सहभागी होता. जिन्यावर मावशी भेटली की म्हणायचा, "त्याची ती भट्टी आहे भट्टी! तुम्ही बाईमाणूस, बोलणार कसं?" आणि कडकच्या टेबलापाशी कोपर टेकून म्हणायचा, "कोंबड्यांना गरम ठेवायचं आणि पैसे तू भरायचे. भला माणूस आहेस बाबा." मालकाचा बर्फाचा धंदा होता. वरच्या मागच्या खोलीत दोन मोठे फ्रीजर ठेवून तो बर्फाच्या पिशव्या करायचा आणि सरबताच्या गाड्यांना पुरवायचा. खाली ऊब, वर बर्फ. मधे फक्त एक छत.

मावशीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. रोज सकाळी पेटीतला दिवा थोडा वेळ पिवळा पडायचा, जणू कुणी त्याचा गळा धरलाय. त्याच सुमाराला कडकची इस्त्री लागायची. मावशी मनात म्हणायची, लागली बघ भट्टी. पण एकदा कडक बहिणीला भेटायला गावी गेला. खोलीला कुलूप. आणि तरीही सकाळी दिवा पिवळा पडला. मावशी तशीच उठून जिन्याखाली गेली. पेटाऱ्यात मीटरचा लाल ठिपका धापा टाकावा तसा लुकलुकत होता. एकट्या पेटीसाठी इतकी धाप? ती कान देऊन उभी राहिली. वर मोटारीचा घोंगावा चालला होता, टाकीत पाणी पडत होतं. मोटार थांबली. लाल ठिपक्याची धाप थोडी ओसरली. थोडीच. उरलेली कशाची होती तेही तिला हळूहळू उमगलं, कारण वर फ्रीजर गुरगुरत होते, आणि ते कधी थांबतच नव्हते.

बिलापेक्षा तिला आठवलं ते कडकला सुनावलेलं एकेक वाक्य.

इथंच तिनं चूक केली. कडक येईपर्यंत थांबायचं सोडून ती सरळ वर गेली आणि भाबडेपणानं विचारलं, "मालक, तुमची मोटार आमच्या मीटरवर तर नाही ना हो?"

मालक हसला. फार गोड हसला. "मावशी, वय झालं तुमचं. आणि बरी आठवण केलीत, तुमच्या त्या पेटीमुळे घराच्या तारा जळतील एखाद्या दिवशी. ही खेप निघाली की पेटी हलवा. नाहीतर खोली सोडा. कडकचीही तीच तक्रार आहे."

खोली सोडायची म्हणजे कुठे जायचं? पेटी ठेवू देणारा दुसरा मालक शोधायचा कुठे? आणि पेटीशिवाय मावशी म्हणजे कोण? जिना उतरताना तिनं कठड्याला घट्ट धरलं होतं.

कडक परतला त्या दिवशी पेटीतल्या अंड्यांचे शेवटचे तीन दिवस चालू होते. सकाळी मावशी नळावर गेली, तेव्हा वरून मालकीणबाई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. "दुपारी वायरमन येणार आहे. हे म्हणाले, खालची ती जोडणी काढूनच टाकू, कटकट नको."

मावशीची घागर भरून वाहू लागली तरी तिला भान नव्हतं. दुपारी जोडणी निघणार. मग पुरावा कसला आणि कसलं काय! बिल कमी येईल, ते पेटी हलवल्यामुळे आलं असं मालक सांगेल, आणि कडकला ते खरंच वाटेल.

ती तशीच कडकच्या दारात गेली. तो इस्त्री तापायला लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"कडक."

"बिल अजून आलं नाही."

"बिलाचं नाही रे. बाहेर ये. आपला मेन बंद करायचाय."

आता त्यानं पाहिलं. "तुझी पेटी चालू असताना? डोकं ठिकाणावर आहे का, मावशी? शेवटच्या दिवसांत दारावर टकटक केली तर अंगावर येतेस."

"तू गावी होतास तेव्हाही मीटर पळत होता. वरची मोटार आपल्या मीटरवर आहे. फ्रीजरसुद्धा."

कडकनं इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाला, "हे तू मला सांगतेस? सबंध गल्लीसमोर मला भट्टीवाला म्हणालीस ती तू?"

"मीच म्हणाले. चुकले. पाया पडू का तुझ्या?"

"नको, उगीच. पँटची घडी मोडेल माझ्या," तो म्हणाला. पण उठला.

जिन्याखाली दोघं पेटाऱ्यापुढे उभी राहिली. वर मोटार चालू होती. मावशीनं मेनच्या दांड्याला हात लावला आणि तो हात पुढे जाईना. आत काही पिलांनी टोच मारायला सुरुवात केली होती, सकाळीच तिनं काचेतून एका अंड्यावर तडा पाहिला होता. किती घरांची अंडी ती. विश्वासानं दिलेली.

"नको तर राहू दे," कडक हळूच म्हणाला.

मावशीनं डोळे मिटले. आईची कोंबडी उठली, अंग झाडलं, दाण्याकडे निघाली.

तिनं दांडा खाली ओढला.

वरची मोटार पाण्याचा घोट अर्ध्यावर अडकावा तशी गप्प झाली. फ्रीजरची गुरगुर विझली. घरानं इतकी शांतता कधी अनुभवली नव्हती. आणि मग वरच्या गच्चीतून मालकाचा खणखणीत आवाज आला, "कुणी बंद केली रे लाईट? पाणी चढतंय ना माझं!"

कडकनं मान वर केली. "मालक, आम्ही आमचा मेन बंद केलाय! तुमचं पाणी कसं थांबलं हो?"

समोरच्या दुकानातून कुणीतरी खो खो हसलं. मालकाला आपल्याच तोंडून काय निघालं ते कळायला तेवढा वेळ लागला असावा. मग धाडधाड पावलं आली. मालकानं दोघांना बाजूला सारलं, पेटाऱ्याचं दार आपटलं आणि खिशातलं कुलूप लावलं.

"तारा जुन्या झाल्यात. धोका आहे. वायरमन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"मालक," मावशी म्हणाली, "पेटीत जीव आहेत."

"मग बंद करताना नाही आठवले?" आणि तो किल्ली मुठीत घेऊन वर गेला.

मावशी खोलीत धावली. काचेआडचा पारा अजून जागेवर होता, पण पंखा थांबला होता. झाकणावर तिनं तळहात ठेवला. ऊब होती. किती वेळ राहील? तिनं दुलई ओढली, स्वतःची शाल काढली, पेटीला गुंडाळली. पारा खाली सरकला. केसभरच, पण सरकला. मावशीला वाटलं, आपल्या अंगातलंच काहीतरी उतरतंय.

"कडक!" तिनं हाक मारली. आवाज फाटला.

कडक दारात आला. त्यानं पेटी पाहिली, मावशीला पाहिलं आणि काही न बोलता परत गेला. मावशीला वाटलं, गेला. अजून राग धरूनच आहे. पण भिंतीपलीकडे खडखड झाली. टेबलाखालून त्यानं बापाची जुनी कोळशाची इस्त्री ओढून काढली होती. वीज नसलेल्या दिवसांतली ती काळी, जड, कोंबड्याच्या आकाराच्या मुठीची इस्त्री. त्यानं कोळसे पेटवले, फुंकर घालून लाल केले आणि लॉजच्या चादरींचा गठ्ठा फोडला. त्या चादरी संध्याकाळी पोचवायच्या होत्या. एकेक चादर तो गरम करायचा, घडी न घालता तशीच धावत आणून पेटीवर टाकायचा. पहिली थंड व्हायच्या आत दुसरी.

"अरे, भोकं!" मावशी किंचाळली. "भोकं झाकू नको, मेल्या! श्वास घेतात ती!"

"मला काय ठाऊक तुझ्या पिलांना नाक आहे!" तो चादर वर ओढत म्हणाला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कडक इस्त्रीच्या शर्टावर एवढ्या चुण्या मावशीनं पहिल्यांदाच पाहिल्या.

पारा थांबला. चढला नाही, पण थांबला. मग पुन्हा किंचित उतरला. मग थांबला. मावशी गुडघ्यांवर बसून काचेला कपाळ लावून होती. आत अंधार होता, दिवाही त्याच तारेवरचा. काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं की नाही, हेही कळत नव्हतं, कारण तिचं स्वतःचं काळीज फार मोठ्यानं वाजत होतं.

दुपार झाली. वायरमन आला नाही. वरून मात्र मालकीणबाईंचा आवाज यायला लागला, आधी हळू, मग गल्लीला ऐकू जाईल असा. "अहो, पिशव्या सुटायला लागल्या! अहो, गाडीवाले आले म्हणजे काय पाणी देणार त्यांना?" फ्रीजरच्या तारा मालकानं हौसेनं भिंतीत पुरून घेतल्या होत्या. त्या दुसरीकडे वळवायच्या तर वायरमनच हवा. थोड्या वेळानं जिन्याच्या वरच्या पायरीवरून पाणी खाली आलं. एक ओघळ. पायरी पायरी थांबत, बघत, जणू भाड्याची खोली शोधायला आलेला माणूस. मग दुसरा ओघळ.

कडक चादर हातात घेऊन दारात थांबला. "मावशी, बघ तरी. वरचं वितळतंय."

"इथलं गार होतंय," मावशी म्हणाली. तिला हसता येत नव्हतं.

शेवटी मालक उतरला, चपला पाण्यात चपचप वाजवत. किल्ली हातात होती. "वायरमन येईल तेव्हा येईल. मी मेन लावून देतो. तुमच्या पिलांसाठी."

त्यानं कुलूप काढलं. कडकनं पेटाऱ्याच्या दारावर पंजा ठेवला. "आधी तार, मग मेन."

"वेडा आहेस का? तिची अंडी मरतील!"

"मावशी!" कडकनं आत हाक दिली. "लावू देऊ का?"

मावशी बाहेर आली. मेनचा दांडा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. वर केला की पेटीत ऊब, आणि वर बर्फही. मग रात्रीतून तार निघेल, उद्या गल्लीत हसण्याची गोष्ट होईल, आणि महिनाअखेर खोली सोडा. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं. आणि अंडीही दिसली, प्रत्येक पेन्सिलीची खूण दिसली. या विधवेची, त्या हमालाची, शाळेपाशी राहणाऱ्या म्हातारीची.

ती परत आत गेली. चादरींखाली हात घालून तिनं झाकण चाचपलं. उबदार होतं. तिनं भोकाला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक बारीक आवाज आला. नंतर लगेच दुसरा, पहिल्याला उत्तर दिल्यासारखा.

मावशी दारात आली. तिचा आवाज अगदी शांत होता, तिची आई चुलीपुढून बोलायची तसा.

"नको. तार निघाल्याशिवाय नको. कडक, चादर गार होतेय, पळ."

मालकानं वायरमनला पुन्हा फोन लावला, आणि यावेळी तो ओरडत नव्हता, विनवत होता. वायरमन आला. गरीब माणूस, पाण्यातून पाय उचलत म्हणाला, "मला भांडणात ओढू नका बुवा, मला लहान मुलं आहेत." पण समोर कडक इस्त्री घेऊन उभा, दुकानातले चारजण उभे, अंडी दिलेली एक म्हातारी टोपली घेऊन उभी. मीटरमागून त्यानं मालकाची तार ओढली. ती येतच राहिली, भिंतीमागून, कोनाड्यातून, सापाची कात निघावी तशी.

"ती तार इकडे द्या," कडक म्हणाला.

"माझी आहे," मालक पुटपुटला.

"आमच्या मीटरवर वाढलेली आहे, मालक. आमचंच खाऊन."

म्हातारी हसली तेव्हा मालकानं मान खाली घातली. मावशी त्याच्याजवळ गेली. "मालक, पेटी हलणार नाही. मीही नाही. आणि मागच्या बिलांचं काय ते आपण तिघं बसून बोलू. आज नको. आज मला काम आहे." मालक वळला. वर जाताना पाय घसरू नये म्हणून त्यानं कठडा धरला होता.

मेन लागला. पेटीत दिवा उजळला, पंखा फिरला, पारा आळस देत वर चढला. मीटरचा लाल ठिपका जेवण झालेल्या माणसासारखा निवांत लुकलुकू लागला.

सगळी पिलं जगली नाहीत. मावशीनं ते कुणापासून लपवलं नाही. ज्याच्या टोपलीत कमी गेली त्याला घडलं ते सांगितलं, आणि पुढच्या खेपेला त्याची अंडी बिनपैशानं उबवून दिली. म्हातारीचं एक पिलू पाय ओढत चालायचं. म्हातारी म्हणाली, "माझ्यासारखंच आहे, राहू दे." लॉजचा माणूस चादरींवरून चिडला. कडकनं त्या पुन्हा धुवून, पुन्हा कडक करून दिल्या. ती तार आता त्याच्या दारापासून मावशीच्या दारापर्यंत ताणून बांधलेली आहे. तिच्यावर कपडे वाळतात.

पण त्या संध्याकाळी अजून झाकण उघडायचं होतं, आणि ते उघडायला दोन दिवस होते. कडक पेटीशेजारी जमिनीवर बसला होता. काळ्या बोटांनी त्यानं भोकाभोवतीची चादर जरा बाजूला सारली आणि कान लावला.

"मावशी, आत कुणीतरी भांडतंय."

"भांडू दे. बोलत तरी आहेत."

तो जरा वेळ ऐकत राहिला. मग लहान पोराच्या आवाजात म्हणाला, "एकदाच उघडून बघू? जरासं?"

मावशी त्याच्या शर्टाला बटण लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"परवा ये," ती म्हणाली.